पाठकोऱ्या पावतीवरची एक ओळ

गजभिये वकील गेल्याची बातमी आली तेव्हा मी गिऱ्हाइकाला थाप मारत होतो. भंडाऱ्याच्या बाजारात आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे, आणि थाप ही भांड्याबरोबर फुकट द्यायची वस्तू आहे असं मी मानतो. एका लग्नघरच्या मंडळींना पाण्याचा मोठा गुंड दाखवून मी सांगत होतो की यात पाणी भरून ठेवलं तर भर मे महिन्यात दातांना झिणझिण्या येतात, आमच्या काकीने एकदा यातलं पाणी पिऊन स्वेटर मागितला होता... तेवढ्यात फोन वाजला. सुजाता होती, वकिलांची मुलगी. "काका, बाबा गेले. सकाळी उठलेच नाहीत." मी फोन खाली ठेवला आणि त्या मंडळींना म्हटलं, "पाणी गार राहत नाही यात. गार पाहिजे असेल तर माठ घ्या." तीस वर्षांत दुकानात बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य असावं. एवढा सरळ दुकानदार कुठे भेटेल म्हणून ते लोक एकाऐवजी दोन गुंड घेऊन गेले. वकील असते तर म्हणाले असते, "पाहा, खरं बोलण्यातही नफा आहे." आणि लगेच पुढे, "पक्कं बिल फाडलं ना?"

पक्क्या बिलावरूनच आमची ओळख झाली. मी नुकताच गल्ल्यावर बसायला लागलो होतो. पांढराशुभ्र शर्ट, खिशात लाल पेन, काखेत फाईल असा एक किरकोळ बांध्याचा माणूस आला, एक छोटा लोटा घेतला आणि पक्कं बिल मागितलं. आमच्या दुकानाच्या इतिहासात लोट्यासाठी पक्कं बिल मागणारा तो पहिला माणूस. माझी खात्री झाली की ही धाड आहे. मी चहा मागवला, पान मागवलं, वडिलांना जेवणावरून उठवलं, लोट्याचे पैसे घ्यायला नकार दिला. तो माणूस सगळं शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, मी टॅक्सचा वकील आहो. आजच आफिस उघडलं, पाणी प्यायले लोटा पाहिजे. आफिसचा खर्च आहे म्हणून बिल पाहिजे. तुम्ही एवढे घाबरून राहिले म्हणजे तुम्हाले लोट्यापेक्षा माही जास्त गरज दिसते." दुसऱ्या दिवशी वडील स्वतः आमच्या वह्या घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले, आणि तेव्हापासून आमचं दुकान आणि माझी झोप या दोन्ही गोष्टी त्यांच्या ताब्यात राहिल्या.

वकील पवनीजवळच्या कोंढा गावचे. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला जायचे. आजोबांच्या काळात घर बौद्ध झालं तेव्हापासून शिकायचं असं घरात ठरलेलंच होतं, पण शिकून वकील झालेले हे पहिले. त्यांच्या वडिलांनी आयुष्यात कितीतरी कागदांवर अंगठे उठवले होते आणि एकाही कागदात काय लिहिलंय ते त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं वकिलांची ती प्रसिद्ध सवय तिथूनच आली असावी. त्यांनी मात्र तसं कधी म्हटलं नाही. सवय अशी की कोणीही कोर्टकचेरीच्या फीची पावती घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, हा खर्च धंद्यात टाका, तेवढाच टॅक्स कमी होईन," की हे पावती उलटी करायचे, पाठीची कोरी बाजू वर आणायचे, लाल पेन पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "लिहा. आपल्या हातानं. भांडण कायचं आहे? एकच ओळ."

ती ओळ वाचून ते निकाल द्यायचे. भांडण धंद्याचं असेल तर वकिलाची फी धंद्याचा खर्च. भांडण घरचं, मनाचं, मानाचं असेल तर फी आपल्या खिशातून, आणि त्यावर सूट नाही. माझ्या ओळखीच्या एका राईस मिलवाल्याने एकाच दिवशी, एकाच वकिलाच्या, सारख्याच रकमेच्या दोन पावत्या आणल्या होत्या. एकीच्या मागे त्याने लिहिलं, 'धान ओला देला म्हणून.' गजभिये वकिलांनी त्याखाली लिहिलं, 'धंद्याचा. चालेल.' दुसरीच्या मागे तो गडी पाऊण तास काही लिहीना. घाम पुसला, पंख्याकडे पाहिलं, फोन आल्याचं नाटक केलं. शेवटी लिहिलं, 'साळ्याच्या लग्नात मले मागच्या पंगतीत बसवलं म्हणून.' वकिलांनी लिहिलं, 'घरचा. सूट नाही.' मिलवाला उसळला, "अजी साहेब, पंगतीत सारे धानाचे व्यापारी होते, माही इज्जत गेली म्हणजे धंदाच गेला ना." वकील म्हणाले, "मंग त्या वर्षी तुमचा धंदा दीडपट कसा झाला? तुमची इज्जत गेल्यानं धान जास्त आला का?"

त्यांना रागावलेलं मी पाहिलं नाही. उलट माणूस जितका घाबरून यायचा तितके ते खुलायचे. एका मास्तरांना साकोलीजवळ हायवेवर ट्रकने उडवलं, पाय कायमचा अधू झाला. कितीतरी खेटे घालून भरपाई मिळाली तर कोणीतरी त्यांना सांगितलं की यातला तिसरा हिस्सा सरकार घेणार. मास्तर कुबडी घेऊन, तोंड एवढंसं करून आले. वकील म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पाय विकायचं दुकान टाकलं होतं का? नाही ना? मंग ही कमाई नोहे. गेलेल्या पायाची भरपाई आहे ही, यावर कायचा टॅक्स? आता हे बँकेत ठेवाल, त्याचं दरसाल व्याज येईन, ते मात्र दाखवायचं. व्याज कमाई आहे, पाय कमाई नाही." मास्तर इतके हसले की कुबडी विसरून निघाले. ते तसेच पोस्ट ऑफिसपर्यंत चालत गेले आणि आपण कुबडीशिवाय चालतोय हे त्यांना तिथे कळलं... असं मी सांगतो. खरं म्हणजे ते दारापर्यंत गेले होते.

हे असं फुगवून सांगणं हा माझा जन्माचा दोष, आणि वकिलांकडे त्यावर औषध होतं. जुनं यंत्र दरवर्षी झिजतं म्हणून वहीत त्याची किंमत दरवर्षी कमी करून लिहितात, त्याला घसारा म्हणतात. वकील माझ्या गोष्टींना घसारा लावायचे. नागझिऱ्याच्या रस्त्यावर मला वाघ आडवा आला होता. पहिल्या वर्षी तो वाघ दहा फुटी होता आणि त्याने माझ्या मोटरसायकलच्या हँडलवर पंजा ठेवला होता. वकील म्हणाले, "ठीक आहे, यंदा पंधरा टक्के घसारा." पुढच्या वर्षी मी तीच गोष्ट सांगायला लागलो की ते मध्येच थांबवून लोकांना सांगायचे, "आता हा वाघ साडेआठ फुटी आहे बरं का." दरवर्षी वाघ झिजत गेला. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या हिशेबाने तो मांजराएवढा उरला होता. मी म्हटलं, "वकीलसाहेब, आता तरी सोडा त्याले." म्हणाले, "अजून दोन वर्षं थांबा, मंग तो जंगलातही दिसणार नाही, जसा त्या दिवशी दिसला नव्हता."

पण मला जे सांगायचं आहे ते माझ्या स्वतःच्या पावतीबद्दल, आणि तिथे फुगवायला जागा नाही.

वडील गेल्यावर माझ्यात आणि माझ्या धाकट्या भावात, मनोहरमध्ये, तराजूवरून भांडण लागलं. आमच्या दुकानात वडिलांचा एक मोठा पितळी तराजू होता, छताच्या आकड्याला टांगलेला. लोक जुनी भांडी मोडीत घालायला आणत, ती त्यावर तोलली जायची. मनोहरने साकोलीला भांड्यांचा गाळा टाकला होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो तराजू उतरवून घेऊन गेला, मला न विचारता. मी चिडून परत मागितला, त्याने उलट बोलणं केलं, मी नोटीस पाठवली, त्याने दुकानातच हिस्सा मागितला, आणि बघता बघता भंडाऱ्याच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. आमचे वकील वेगळे होते; गजभिये फक्त टॅक्स बघायचे. तारखेला आम्ही दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचो. मधल्या जागेत हत्ती मावला असता... बरं, बैल. सहा वर्षं मनोहर माझ्याशी बोलला नाही. पुतणीच्या बारशाची गोष्ट मला बाजारातून कळली.

मग एका मार्चमध्ये मी त्या सहा वर्षांच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन गजभिये वकिलांकडे गेलो. बोलणं घोटून ठेवलं होतं. म्हटलं, "वकीलसाहेब, तराजू दुकानाचा. दुकानाची वस्तू वाचवायले कोर्टात गेलो. म्हणजे सारा खर्च धंद्याचा." ते म्हणाले, "बरोबर आहे. दुकानाची वस्तू असेल तर बरोबर आहे." मी मनात म्हटलं, जिंकलो. मग त्यांनी विचारलं, "तराजूवर शेवटचं काय तोललं?"

मी पावत्या नीट रचायला लागलो. कारण इलेक्ट्रॉनिक काटा येऊन किती तरी वर्षं झाली होती आणि तराजू नुसता टांगलेला होता. त्याच्या एका पारड्यात वडील पंचांग ठेवायचे.

"मंग तुम्हाले तो कायले पाहिजे?" असं म्हणून त्यांनी वरची पावती उलटी केली आणि लाल पेन पुढे सरकवलं. "लिहा. एकच ओळ."

मी आयुष्यभर एका ओळीच्या जागी चाळीस ओळी बोललेला माणूस. त्या दिवशी ओळ सुचेना. आधी लिहिलं, 'तराजू वडिलोपार्जित असल्याने.' ते म्हणाले, "हे तुमच्या वकिलाचं वाक्य आहे, तुमचं लिहा." मी खोडलं. लिहिलं, 'न विचारता नेला म्हणून.' ते म्हणाले, "विचारलं असतं तर देला असता का?" मी म्हटलं, "देला असता." "मंग हेही नोहे." तेही खोडलं. लोट्यातलं पाणी प्यालो. हा तोच लोटा, आमच्याच दुकानाचा. आणि मला आठवलं की पोळ्याच्या दिवशी वडील आम्हा दोघा भावांना त्या तराजूच्या दोन पारड्यांत बसवायचे. मी थोराड, माझं पारडं खाली जायचं, मनोहर वर लटकून बोंबलायचा. मग वडील त्याच्या मांडीवर एकेक लोटा ठेवत जायचे, दोन्ही पारडी सारखी होईपर्यंत, आणि ते सगळे लोटे त्याला पकडून बसावे लागायचे. हसून हसून त्याच्या हातून लोटे पडायचे, मी धाडकन खाली यायचो, आणि वडील पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे... मी पेन उचललं आणि लिहिलं, 'मनोहर माझ्याशी बोलत नाही म्हणून.'

वकिलांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. खाली लिहिलं, 'घरचा. सूट नाही.' मग म्हणाले, "हे तुम्ही सहा वर्षांपहिले लिहिलं असतं तर एकच पावती लागली असती."

मी म्हटलं, "आता तरी काय करू? समझोता करतो म्हटलं तर दुकान, गाळा, सारं वाटावं लागन. बसमध्ये एक जण सांगून राहिला होता, वाटणी केली का टॅक्सच अर्धं घर खाते." खरं तर ते बसमधलं बोलणं मी सहा वर्षं जपून ठेवलं होतं. भावाकडे न जायला मला तेवढं एक कारण पुरत होतं. वकिलांनी तेही काढून घेतलं. म्हणाले, "घरच्या वाटणीत कोणी कोणाले काही विकत नाही, प्रभाकरभाऊ. जे दोघाचं पहिलेपासून होतंच, ते कोणाकडं कोणतं, एवढंच लिहायचं असते. विक्री नाही तर नफा नाही, नफा नाही तर टॅक्स नाही. पण वाटणी खरी पाहिजे, कागद साफ पाहिजे. स्टँपचा काय तो खर्च." आणि मग जे म्हणाले ते मी आजवर शंभर लोकांना सांगितलं असेल, आणि हा आकडा खरा आहे: "भांडायचा खर्च सरकार तुम्हाले माफ करत नाही. समेटावर सरकार काही मागत नाही. सरकारचा जीव कोणीकडं आहे ते आता तरी समजून घ्या."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला एसटीत बसवून साकोलीला नेलं. तिकीट स्वतःचं स्वतः काढलं, आणि जपून खिशात ठेवलं. मनोहर गाळ्यात बसला होता. तराजू त्याच्या डोक्यावर टांगलेला, रिकामा. मला पाहून तो उठला नाही. वकील म्हणाले, "मनोहरभाऊ, तुमच्याकडेही पावत्या असतीनच. एक द्या." त्याने गल्ल्यातून पावती काढली. वकिलांनी ती उलटी केली, पेन दिलं. मनोहर माझ्यापेक्षा कमी बोलतो, त्यामुळे त्याला एकच ओळ लवकर सुचली. त्याने लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'बाबूच्या मागे दादा एकदाही साकोलीले आला नाही म्हणून.' बाबू म्हणजे आमचे वडील. मी ते वाचून म्हटलं, "आता आलो ना बे." तो म्हणाला, "वकिलानं आणलं म्हणून आला." मी म्हटलं, "मंग काय वाघानं आणावं?" वकील म्हणाले, "वाघ आता लहान झाला, त्याच्याच्यानं होत नाही." मनोहरला हा घसाऱ्याचा किस्सा माहीत नव्हता, पण तो हसला. सहा वर्षांनी हसला... गाळ्यातली सगळी भांडी वाजली. बरं, दोन-चार वाजली.

समझोत्याचा कागद दुसऱ्या एका वकिलाने रीतसर केला. दुकान माझं, गाळा त्याचा, दोन्ही खटले मागे. पण तराजूचं कलम गजभिये वकिलांनी स्वतः सांगितलं. तराजू पोळ्यापासून होळीपर्यंत साकोलीला आणि होळीपासून पोळ्यापर्यंत भंडाऱ्याला राहील. ज्याच्याकडून जाईल त्याने तो स्वतः नेऊन द्यायचा. आणि 'नेणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरी जेवल्याशिवाय ताबा पूर्ण झाला असे समजू नये.' कागद करणाऱ्या वकिलाने मान वर करून विचारलं होतं, असं कलम कायद्यात बसतं का. हे म्हणाले, "जेवणाले बसते." तेव्हापासून वर्षातून दोनदा आमच्यातला एक जण एसटीत मांडीवर पितळी तराजू घेऊन बसतो. एकदा कंडक्टरने मला लगेजचं तिकीट काढायला लावलं. मी ते वकिलांना नेऊन दाखवलं आणि कशात टाकू म्हणून विचारलं. त्यांनी ते उलटं केलंच नाही. म्हणाले, "याच्या मागे काय लिहाल ते मले पाठ आहे."

काम झाल्यावर मी त्यांना आमच्या दुकानातली पितळी बुद्धमूर्ती भेट म्हणून नेली. त्यांनी विचारलं, "भेट कायची? तुमचं काम केलं म्हणून देता ना? मंग ही फी झाली. फी वस्तूत देली तरी ती माही कमाई." त्यांनी माझ्याकडून किमतीचं पक्कं बिल घेतलं आणि ती मूर्ती आपल्या उत्पन्नात दाखवली. कपाटावर ती मूर्ती कायम होती, आणि कोणी तिचं कौतुक केलं की ते सांगायचे, "हिच्यावर टॅक्स भरलेला आहे."

वकिलांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं भाऊ शेजारी शेजारी बसलो होतो. मास्तर कुबडी घेऊन आले होते. राईस मिलवालाही आला होता आणि, मी मुद्दाम पाहिलं, जेवायला मागच्या पंगतीत स्वतःहून बसला. परतताना मनोहर म्हणाला, "दादा, वकिलाच्या आफिसासमोर पाणपोई लावू. उन्हानं लोकं येतात, लोट्यात किती पाणी राहीन." आम्ही दुकानातला सगळ्यात मोठा गुंड काढला. त्याचंही पक्कं बिल फाडायचं म्हणून तोलायला घेतला. तराजू होळीपासून माझ्याकडेच होता. मनोहर म्हणाला, "काट्यावर नको," आणि एवढ्या वर्षांनी त्या तराजूवर पुन्हा पितळ तोललं गेलं, एकीकडे गुंड, एकीकडे वजनं. भावाच्या देखत वजन केल्यामुळे मला किलोमागे थाप मारता आली नाही.

गुंडावर नाव घालायचं होतं. घालणारा कारागीर टोचणी घेऊन बसला आणि त्याने विचारलं, नाव कोणाचं? तेव्हा माझ्यातला दुकानदार जागा झाला, लपवत नाही. दुकानाचं नाव घातलं तर ती जाहिरात; जाहिरातीचा खर्च धंद्यात बसतो. वकिलांनीच शिकवलेलं. मी मनोहरकडे पाहिलं. तोही दुकानदारच आहे, त्याच्याही डोक्यात तेच चाललं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने कारागिराला सांगितलं, "लिहा, गजभिये वकील. बाकी काही नको."

गुंड ऑफिसच्या ओसरीवर तिवईवर ठेवला, भरला. आता तिथे सुजाता बसते, त्याच खुर्चीत, टेबलावर तोच लोटा. मी तिला गुंडाचं बिल दाखवलं, नुसतं सवयीने. तिने ते वाचलं, उलटं केलं, आणि वडिलांचं लाल पेन पुढे सरकवलं. "काका, लिहा. एकच ओळ."

या वेळी सुचायला वेळ लागला नाही. मी लिहिलं, 'मनोहर माझ्याशी बोलतो म्हणून.' मनोहरने कागद ओढून घेतला, वाचला, आणि खाली स्वतःची सही केली. सुजाताने दोन्हीच्या खाली लिहिलं, 'घरचा. सूट नाही.' अक्षर थेट वडिलांचं.

मग मनोहरने गुंडातून पहिला गिलास भरला आणि मला दिला. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. पितळेच्या गुंडात पाणी गार राहत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे, आणि ते खरं आहे. पण ते पाणी गार होतं. यावर घसारा लावणारा माणूस आता राहिला नाही, त्यामुळे सांगतोय तेवढंच धरा.